विसरलेली दोन इंजिने : हॉज जंक्शनच्या केबिनची कथा

इतिहास म्हटला की आपल्यासमोर गड, तोफा, तह आणि सिंहासने उभी राहतात. या व्यासपीठावरून तो इतिहास मोठमोठ्या अभ्यासकांनी सांगितला आहे, आणि आम्हीही समोरच्या सतरंजीवर बसून तो आवडीने ऐकला आहे. आज मात्र आम्ही एका खोलीचा इतिहास सांगणार आहोत. ही खोली लाकडाची, काचांनी वेढलेली. आत लोखंडी दांड्यांची एक रांग, भिंतीवर घड्याळ, फळीवर तारयंत्राच्या घंटा, कोपऱ्यात शेगडी आणि एक माणूस. इंग्लंडात तिला सिग्नल बॉक्स म्हणतात. आपण तिला केबिन म्हणतो.

आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच झाले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि रात्रीच्या पॅसेंजरच्या मिणमिणत्या दिव्याखाली. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आमच्याकडून कोणी करू नये. पण केबिनशी आमचा संबंध जुना आहे. आमचे वडील एका जंक्शनावर लिव्हरमन होते. सुटीच्या दिवशी त्यांचा डबा पोचवण्याचे काम आमच्याकडे असे. जिना चढून गेलो की वडील दारातच थांबवीत. आत शिरून दांड्यांना हात लावायचा नाही, हा पहिला नियम. त्यांच्या हातात नेहमी एक फडके असे, आणि त्या फडक्यानेच ते दांडा धरीत. घामाच्या हाताने लोखंड गंजते म्हणून. दांडा ओढला की तारेला ताण बसे आणि कितीतरी लांबच्या खांबावरचा हात पडे. त्या वयात आम्हांला वाटे, आपला बाप एवढ्या लांबून गाडी थांबवतो, त्याच्यासारखा बलवान कोणी नाही. तो बळाचा प्रश्न नसून आठवणीचा प्रश्न आहे, हे कळायला पुढे फार वर्षे जावी लागली.

आज ज्या केबिनची कथा सांगावयाची आहे ती आपल्या देशातली नव्हे. ती उत्तर इंग्लंडच्या डोंगरात, हॉज जंक्शन नावाच्या आडगावच्या फाट्यावर आहे. इतक्या दूरची केबिन आम्ही का निवडली, असे कोणी विचारील. तिच्या एका पहाटेत जगातल्या सर्व केबिनींचा इतिहास सापडतो, आणि आमच्या स्वतःच्या एका चुकीचाही हिशेब त्यात आहे. तो शेवटी सांगू.

डोंगरातला फाटा

इंग्लंडात मिडलंड रेल्वे नावाची एक मोठी खासगी कंपनी होती. स्कॉटलंडकडे जाणारी आपली वाहतूक तिला दुसऱ्या कंपनीच्या रुळांवरून न्यावी लागे, आणि ती कंपनी तिच्या गाड्यांना मुद्दाम खोळंबवी. तेव्हा मिडलंडने स्वतःचा मार्ग काढायचे ठरवले. सेटलपासून कार्लाइलपर्यंत, ७२ मैलांचा, ओसाड डोंगर चिरून जाणारा. पुढे दोन कंपन्यांची दिलजमाई झाली आणि मिडलंडला हा खर्च नकोसा झाला. पण पार्लमेंटने माघार घेऊ दिली नाही. काम सुरू झाले. हजारो मजूर दलदलीत झोपड्या घालून राहिले. देवीची साथ आली, बोगद्यांत अपघात झाले, आणि चॅपल-ल-डेल या खेड्यातल्या चर्चचे कबरस्तान वाढवावे लागले. आपल्या बोरघाटात १८६३ साली लोहमार्ग पुरा होईपर्यंत पटकीने आणि अपघाताने माणसे कशी गेली हे ज्यांनी वाचले आहे, त्यांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही. १८७६ च्या मे महिन्यात या मार्गावर उतारूंच्या गाड्या धावू लागल्या.

या मार्गाच्या माथ्याजवळ, वस्ती नाही अशा ठिकाणी, हॉज गावाकडे जाणारा सहा मैलांचा फाटा १८७८ साली जोडला गेला. तेच हॉज जंक्शन. स्टेशन, रेल्वेच्या नोकरांची काही घरे आणि चहूकडे गवताळ डोंगर. दुसरे काही नाही. पण त्या नोकरांनी तिथे आपले एक जग उभे केले होते. मुसाफिरखान्यात उपासना चाले, आणि इंजिनांना पाणी देणाऱ्या टाकीखालच्या दगडी खोलीत नाचगाणी व सभा होत. वारा तर असा की, इंजिन फिरवण्याच्या चक्रावर एकदा एक इंजिन वाऱ्यानेच गरगरा फिरत राहिले, अशी कथा त्या भागात सांगतात. खरे-खोटे देव जाणे. पण पुढे त्या चक्राभोवती जुन्या स्लीपरांचे कुंपण उभारण्यात आले.

अशा आडजागी एवढे इंजिन फिरवण्याचे काम कशाला? कारण कंपनीच्या धोरणात आहे. मिडलंड कंपनी लहान इंजिने वापरी. चढावर गाडी जड झाली की पुढे आणखी एक इंजिन जोडायचे, आणि माथा आला की ते सोडायचे. सोडलेली इंजिने हॉज जंक्शनवर फिरवून परत धाडायची. म्हणजे कंपनीने मोठ्या इंजिनांचा खर्च वाचवला, आणि त्याचा भार येऊन पडला तो जंक्शनावरच्या केबिनमधल्या एका माणसावर. गाड्यांच्या वेळापत्रकात ही सुटी इंजिने नसत. ती येतील तेव्हा येत, आणि त्यांना सामावून घ्यावे लागे.

केबिन म्हणजे काय?

पुढे जाण्यापूर्वी केबिनचे काम थोडक्यात समजून घेऊ. आगगाडीच्या सुरुवातीच्या काळात एक गाडी गेली की ठराविक मिनिटांनी दुसरी सोडत. पहिली वाटेत बंद पडली तर दुसरी तिच्यावर जाऊन आदळणार, हे उघड होते. पुढे तारयंत्र आले आणि वेळेऐवजी अंतर राखण्याची पद्धत निघाली. लोहमार्गाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याच्या टोकाला केबिन ठेवायची, आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडायची. पुढच्या केबिनला घंटेने विचारायचे. त्याने लाईन क्लिअर दिली तरच आपला सिग्नल पाडायचा. दुसरीकडे, १८५६ साली जॉन सॅक्सबी या कारागिराने सांधे आणि सिग्नल यांचे दांडे एकमेकांत अडकवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. हीच युक्ती पुढे सुधारत गेली, आणि सांधे चुकीचे असतील तर सिग्नलचा दांडा हलेचना. लाल दांडे सिग्नलांचे, काळे सांध्यांचे, निळे कुलपांचे. आणि या सर्वांच्या पोटात, जमिनीखाली, लोखंडाची ही आडकाठी.

ही साधने ठाऊक असूनही कंपन्या ती बसवीत नव्हत्या. खर्चाचा प्रश्न होता. १८८९ साली आयर्लंडात आर्मा येथे सहलीच्या गाडीला मोठा अपघात झाला, मुलेबाळे मेली, आणि त्याच वर्षी कायद्याने ही साधने सक्तीची झाली. केबिनच्या इतिहासाचा हा पहिला नियम समजा : साधन आधी येते, मग मरण येते, आणि त्यानंतर कायदा येतो.

हॉज जंक्शनवर १९१० च्या उन्हाळ्यात नवी केबिन उभी राहिली. फलाटावर, चाळीस दांड्यांची, त्या काळच्या मानाने अगदी अद्ययावत. दांड्यांची आडकाठी होती, तारयंत्राच्या घंटा होत्या, कायद्याने सांगितलेले सर्व काही होते. तरीही सहा महिन्यांच्या आत तिथे जे घडले ते घडले.

२४ डिसेंबर १९१०

नाताळच्या आदल्या दिवसाची पहाट. अंधार, पाऊस आणि झोंबरा वारा. केबिनमध्ये आल्फ्रेड सटन नावाचा अनुभवी सिग्नलमन होता. रात्री आठला त्याची पाळी सुरू झाली होती, सकाळी सहाला संपायची होती. दहा तासांतले शेवटचे दोन तास उरले होते, आणि नेमकी तेव्हाच कामाची झुंबड उडाली. सणाची वाहतूक असल्याने सुटी इंजिने एकामागून एक येत होती. पहाटेच्या त्या दीड तासात सुमारे नऊ इंजिने त्याच्या हाताखालून गेली. कुणाला चक्रावर फिरवायचे, कुणाला बाजूच्या रुळावर घ्यायचे, कुणाला दक्षिणेकडे धाडायचे. मध्येच मालगाडी, मध्येच घंटा, मध्येच वहीत नोंद.

त्यांतली दोन इंजिने एकमेकांना जोडून उत्तरेकडे, कार्लाइलला परत जायची होती. सटनने त्यांना मुख्य रुळावर घेऊन आपल्या हद्दीतल्या शेवटच्या सिग्नलपाशी उभे केले. पुढे एक गाडी गेलेली होती. ती तीन मैलांवरच्या एसगिल केबिनपलीकडे गेल्याशिवाय यांना सोडता येत नव्हते. इंजिने थांबली. सटन दुसऱ्या कामाकडे वळला. आणि ती दोन इंजिने त्याच्या मनातून पुसली गेली.

इथे यंत्राने त्याला का सावरले नाही, हा प्रश्न कोणीही विचारील. उत्तर लक्षात घेण्यासारखे आहे. घंटांची पद्धत दोन केबिनींमधल्या तुकड्याची राखण करी. आपल्याच केबिनच्या हद्दीत, आपल्याच दोन सिग्नलांच्या मध्ये काय उभे आहे, याची नोंद त्या यंत्रात नव्हती. तेवढी जागा माणसाच्या स्मरणाच्या भरवशावर सोडलेली होती. दिवसा खिडकीतून दिसले असते. त्या पहाटे काचेपलीकडे काळोखाशिवाय काही नव्हते.

लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनातून मध्यरात्री सुटलेली ग्लासगोची एक्सप्रेस येत होती. सटनने एसगिलला विचारले. एसगिलने लाईन क्लिअर दिली, कारण पुढचा तुकडा खरोखरच मोकळा होता. सटनने आपले सर्व सिग्नल पाडले. त्या शेवटच्या सिग्नलखाली वीसेक मिनिटे ताटकळलेल्या इंजिनांच्या चालकांनी पाहिले, हात पडला. त्यांना वाटले, आपलाच रस्ता मोकळा झाला. त्यांनी इंजिने हळूहळू पुढे काढली. एक्सप्रेसच्या चालकालाही सगळे सिग्नल पडलेलेच मिळाले. एकच सिग्नल, दोघांनी पाहिला, दोघांनी पाळला. मूरकॉक बोगद्याच्या परिसरात, साठ मैलांच्या वेगाने धावणारी एक्सप्रेस मागून त्या इंजिनांवर आदळली. डबे एकमेकांत घुसले. डब्यांतले दिवे गॅसवर चालत. गॅस पेटला आणि मोडक्या डब्यांत अडकलेली माणसे त्यात सापडली. १२ जण गेले. पुढच्या इंजिनांपैकी एकाचा चालक, जॉर्ज बाथ, स्वतः जखमी होता. तो तशाच अवस्थेत पायी एसगिलच्या केबिनकडे खबर द्यायला गेला.

इकडे हॉज जंक्शनवर पाळी बदलायची वेळ झाली. सटनची जागा घ्यायला दुसरा सिग्नलमन, सिंप्सन, येऊन पोचला. ती दोन इंजिने कुठे गेली, असा प्रश्न निघाला आणि सटनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उत्तरेच्या आकाशात तांबूस उजेड दिसत होता. त्याने सिंप्सनला सांगितले की, स्टेशनमास्तरांकडे जा आणि त्यांना सांग, मी स्कॉच एक्सप्रेसचा नाश केला असे मला वाटते. अजून बातमी आली नव्हती. कोणी आरोप केला नव्हता. वहीत खाडाखोड करायला त्याच्याजवळ अवधी होता, दुसऱ्यावर ढकलायला सबब होती. त्याने यांतले काही केले नाही.

चौकशी आणि तिचे फळ

सरकारतर्फे मेजर प्रिंगल यांनी चौकशी केली. मुख्य दोष सटनचा ठरला. ते अटळ होते. इंजिनांच्या माणसांनाही दोष लागला. नियम असा होता की, सिग्नलपाशी गाडी खोळंबली तर काही मिनिटांतच फायरमनने उतरून केबिनमध्ये जायचे आणि आपण उभे आहोत याची आठवण द्यायची. इंग्लंडच्या रेल्वेत पंचावन्नावा नियम म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्या वादळात कोणी खाली उतरले नाही.

पण प्रिंगल तेवढ्यावर थांबले नाहीत, आणि यातच त्या चौकशीचे मोठेपण आहे. विसरणे हा माणसाचा धर्म आहे; मग त्याच्या विसरण्याला आडकाठी कोणती, असे त्यांनी विचारले. दांड्याच्या मुठीत अडकवायचे साधे लोखंडी कडे इतर काही ठिकाणी वापरत. रुळावर गाडी उभी असेतो ते कडे दांड्यावर ठेवायचे, म्हणजे दांडा ओढता येत नाही. आणि त्याहून मोठा उपाय म्हणजे ट्रॅक सर्किट. दोन्ही रुळांतून विजेचा क्षीण प्रवाह सोडलेला असतो. त्या रुळांवर चाके उभी राहिली की प्रवाह आसातून आखूड वाटेने परत फिरतो, केबिनमधले यंत्र पडते आणि सिग्नलच्या दांड्याला कुलूप बसते. रूळ तुटला तरी प्रवाह खंडतो आणि कुलूपच बसते. म्हणजे यंत्राची चूकदेखील सुरक्षिततेच्या बाजूला होते. माणसाची चूक अशी बाजू निवडू शकत नाही.

श्रोतेहो, ट्रॅक सर्किटचा शोध विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन माणसाने १८७२ साली लावला होता. हॉज जंक्शनचा अपघात झाला १९१० साली. मधली ३८ वर्षे ते साधन जगात होते. सटनच्या केबिनमध्ये ते असते तर त्याने दांडा ओढून पाहिला असता, तो हलला नसता, आणि त्याने कपाळाला हात लावून म्हटले असते, अरे, ती दोन इंजिने! तेवढ्यावर गोष्ट संपली असती. अपघातानंतर मिडलंड कंपनीने हे साधन आपल्या मार्गांवर शेकडो ठिकाणी बसवले. पैसे तेव्हा कुठून आले, असे आम्ही विचारणार नाही. ते आधीही होतेच.

डब्यांतल्या गॅसच्या दिव्यांऐवजी विजेचे दिवे लावा, असाही आग्रह निघाला. तो पुरता अंमलात येण्यापूर्वीच १९१३ च्या सप्टेंबरात, त्याच मार्गावर, एसगिलजवळ दुसरा अपघात झाला. पुन्हा गॅस पेटला आणि १६ माणसे गेली.

दोन आणखी केबिनी

हॉज जंक्शनच्या अलीकडची एक आणि पलीकडची एक, अशा दोन केबिनींचा उल्लेख इथे केलाच पाहिजे.

पहिली यॉर्कशरमधल्या थर्स्कजवळची, मॅनर हाउस नावाची. वर्ष १८९२. तिथल्या जेम्स होम्स या सिग्नलमनची तान्ही मुलगी आजारी पडली. तो दिवसभर जागा होता, डॉक्टरच्या शोधात पायपीट करून आला, आणि मुलगी गेली. आज रात्री मला काम जमणार नाही, असे त्याने वरिष्ठांना स्पष्ट सांगितले. बदली माणूस मिळाला नाही. होम्स कामावर गेला. पहाटे त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा दाराशी उभी असलेली मालगाडी त्याच्या मनात राहिली नव्हती. त्याने एक्सप्रेस घेतली. १० माणसे मेली. खटला झाला, दोषी ठरला. पण ज्यूरीने दयेची जोरदार शिफारस केली आणि न्यायाधीशाने त्याला शिक्षेविना सोडले. न्यायालयात लोकांनी आनंदाचा गजर केला. लोकांना कायदा कळत नसेल, पण न्याय कळतो. पुढच्याच वर्षी, १८९३ साली, रेल्वे कामगारांच्या कामाच्या तासांबद्दल कायदा झाला. एकट्या होम्सच्या दुःखाने तो झाला असे नव्हे. रेल्वे कामगारांच्या संघटना १८७० नंतर वर्षानुवर्षे लांबलचक पाळ्यांविरुद्ध ओरडत होत्या. केबिनवाल्यांची आणि सांधेवाल्यांची तर १८८० पासून स्वतंत्र संघटना होती. ती पुढे इतर दोन संघटनांबरोबर १९१३ साली राष्ट्रीय रेल्वे कामगार संघात विलीन झाली, आणि १९१९ साली इंग्लंडच्या रेल्वेत आठ तासांचा दिवस आला.

दुसरी केबिन स्कॉटलंडच्या सीमेवरची, क्विंटिन्सहिल. २२ मे १९१५. इथे मात्र आम्हांला आमच्याच वर्गाविरुद्ध साक्ष द्यावी लागते. तिथल्या दोन सिग्नलमनांनी आपसांत सोयीचा करार केला होता : सकाळी सहाला येणाऱ्याने अर्धा तास उशिरा यायचे, आणि मधल्या नोंदी एका कागदावर टिपून ठेवायच्या, मग नव्या माणसाने त्या स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवायच्या. त्या दिवशी केबिनसमोर मुख्य रुळावर एक लोकल उभी होती. ज्या लोकलने नवा माणूस कामावर आला तीच ही लोकल! तिचा फायरमन नियमाप्रमाणे केबिनमध्ये येऊन सहीही करून गेला. कडी होती, ती दांड्यावर घातली नाहीत. नोंदी उतरवण्याच्या आणि युद्धाच्या बातम्यांच्या गडबडीत लोकल विस्मृतीत गेली आणि सैनिकांची गाडी घेतली गेली. ब्रिटनच्या रेल्वेतला तो सर्वांत भीषण अपघात. सव्वादोनशेच्या वर माणसे मेली. दोघांनाही कैद झाली.

ही हकीकत आम्ही मुद्दाम सांगितली. कामगाराची प्रत्येक चूक भांडवलदाराच्या माथी मारणे सोपे असते, टाळ्याही मिळतात. पण नियम हा कामगाराच्या जिवाच्या मोलाने लिहिलेला असतो. तो सोयीसाठी मोडणारा आपल्याच भावाशी बेइमानी करतो. होम्सला विश्रांती हवी होती, सटनला यंत्र हवे होते, क्विंटिन्सहिलच्या जोडीला शिस्त हवी होती. तिघांच्या चुका वरून सारख्या दिसतात, पण तिन्हींचे औषध वेगळे आहे. चौकशीचे खरे काम हे औषध शोधण्याचे असते.

आपल्याकडे

आता आपल्या मातीकडे वळू. आपल्या महाराष्ट्रात रेल्वे कामगारांचा पहिला मोठा संघटित संप झाला तो १८९९ साली, जी. आय. पी. रेल्वेच्या सिग्नलरांचा. हे सिग्नलर म्हणजे दांडे ओढणारे नव्हेत, तारयंत्रावर बसणारे. पण केबिनची घंटा आणि त्यांची तार एकाच विद्येच्या दोन शाखा. पगार, कामाचे तास आणि नोकरीच्या अटी, हेच त्यांचे गाऱ्हाणे होते. लोकमान्य टिळकांच्या केसरीने आणि मराठ्याने त्यांची बाजू महिनोन्महिने उचलून धरली. फिरोजशहा मेहता आणि दिनशा वाच्छा यांच्यासारख्यांनी सभा घेतल्या, फंड जमवले. मध्यमवर्गाच्या वृत्तपत्राने आणि पुढाऱ्याने रेल्वेच्या नोकराला आपले म्हणण्याचा हा आरंभकाळ आहे. आज ज्या नगरवासीयांसमोर आम्ही उभे आहोत त्यांच्या पणजोबांपैकी कोणी त्या फंडात चार आणे टाकले नसतील कशावरून?

तासांची मर्यादा यायला आणखी वेळ लागला. १९३० साली रेल्वे कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्याखालच्या नियमांनी सततच्या कामाला आठवड्याला ६० तास आणि खंडित कामाला ८४ तास अशी मर्यादा घातली. १९४७ साली न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या निवाड्याने ती अनुक्रमे ५४ आणि ७५ केली, आणि अतिशय ताणाच्या कामाला ४५ तासांचा वेगळा वर्ग ठरवला.

या ‘खंडित’ शब्दाने आमचे आयुष्य खाल्ले आहे. ज्या केबिनमधून दिवसाला थोड्याच गाड्या जातात तिथला माणूस मधल्या वेळी रिकामा असतो, म्हणून त्याचे काम खंडित! घड्याळ लावून कामाची मिनिटे मोजणारे साहेब केबिनमध्ये येत आणि दांडा ओढायला किती सेकंद लागले ते लिहून नेत. पण वाट पाहणे म्हणजे विश्रांती नव्हे. घरात आजारी मूल असताना उशाशी बसलेली आई काही करीत नसते. तिला कोणी विश्रांती घेत आहे असे म्हणेल काय? आमचे वडील पाळीवरून घरी येत तेव्हा त्यांचे हात थकलेले नसत, कान थकलेले असत. जेवताना शेजारच्या देवळात घंटा वाजली तरी ते ताटावरून अर्धे उठत.

आमचा हिशेब

आता सुरुवातीला कबूल केलेली गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी एका केबिनमनच्या चौकशीत त्याचा मदतनीस म्हणून आम्ही बसलो होतो. रात्रीच्या पाळीत लूप लाईनवर उभे असलेले मालडबे त्याच्या मनातून गेले आणि त्याने गाडी आत घेतली. वेग कमी होता. जीव कुणाचा गेला नाही, दोघांना लागले. चौकशीच्या आदल्या रात्री तो आमच्यासमोर बसून एवढेच म्हणाला, “दादा, मी विसरलो.”

आम्ही त्याला म्हणालो, हा शब्द उद्या तोंडातून काढायचा नाही. दिवा नीट दिसत नव्हता म्हण, घंटा नीट वाजली नाही म्हण, मोघम बोल. तो तसे बोलला. पुरावा ढिला पडला, एका वेतनवाढीवर भागले आणि नोकरी राहिली. त्याच्या बायकोने आम्हांला घरी बोलावून गोडधोड जेवू घातले. आम्ही विजय मानला.

पुढे कधीतरी हॉज जंक्शनची हकीकत आमच्या वाचनात आली, आणि तो घास आजही घशात अडकला आहे. सटनने खरे सांगितले म्हणून प्रिंगलना खऱ्या कारणापर्यंत जाता आले, आणि शेकडो केबिनींत विजेची आडकाठी बसली. आमच्या माणसाने आमच्या सांगण्यावरून खोटे सांगितले, म्हणून दिवा तेवढा बदलला गेला. त्या लूप लाईनवर उभ्या डब्यांची आठवण देणारे काहीही नव्हते. ते पुढेही कैक वर्षे बसले नाही. आम्ही एक माणूस वाचवला आणि ती केबिन होती तशी ठेवली.

आम्हांला दोष द्या. पण त्याबरोबर हेही विचारा की, खरे बोलणाऱ्याची भाकरी जात असेल तर तो खरे कसे बोलेल? ज्या चौकशीचा पहिला आणि शेवटचा प्रश्न ‘दांडा कोणी ओढला’ हाच असतो, त्या चौकशीत माणसे वकिलासारखीच बोलणार. सटनसारखे धैर्य प्रत्येकाला नसते. म्हणून आज युनियनच्या प्रत्येक बैठकीत आम्ही एकच मागणी पुन्हा पुन्हा मांडतो : हेतुपुरस्सर गुन्हा वेगळा आणि विसर वेगळा, विसरलो असे सांगणाऱ्याचे ऐकून घेणारी व्यवस्था पाहिजे. वाढीव भत्त्याइतकीच ही मागणी मोलाची आहे, आणि ती केवळ कामगाराची नाही. गाडीत तुम्ही बसता.

आता केबिनी एकेक करून बंद होत आहेत. दांड्यांच्या जागी बटणे आणि त्यांच्याही जागी संगणकाचे पडदे आले आहेत. आठवणीचे ओझे माणसाच्या डोक्यावरून उतरून यंत्रात गेले; ते चांगलेच झाले. पण ओझे नाहीसे झाले असे कोणी समजू नये. २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा सिग्नल मिळाला आणि सांधे मात्र लूप लाईनचे होते. मालगाडीवर गाडी आदळली. २९० हून अधिक माणसे गेली. तिथे कोणी दांडा ओढायला विसरला नव्हता. सिग्नलच्या तारांच्या जोडणीत आणि फेरफारात चुका राहून गेल्या होत्या, असे चौकशीत निघाले. म्हणजे डुलकी आता खोलीतून तारेत गेली. तारा जोडणाराही माणूसच आहे. त्यालाही झोप लागते, त्याच्यावरही घाई असते, आणि त्यालाही विसरलो म्हणण्याची भीती वाटते.

हॉजची शाखा १९५९ साली पुरती बंद झाली. जंक्शनाचे नाव त्याआधीच, १९३२ साली, गार्सडेल झाले होते. सेटल–कार्लाइलचा अख्खा मार्ग बंद करण्याचा घाट १९८० नंतर घातला गेला. लोकांनी लढा दिला आणि १९८९ साली सरकारला तो बेत सोडावा लागला. फलाटावरची ती लाकडी केबिन अजून उभी आहे. प्रवासी तिची छायाचित्रे काढतात.

आमच्या वडिलांची केबिन पाडली गेली. तिचा जिनाही राहिला नाही. ते फडके मात्र आमच्या आईने सांभाळून ठेवले होते. धुऊनही त्याचा तेलाचा वास गेला नाही. निवृत्त झाल्यावर एकदा आम्ही वडिलांना विचारले होते की, इतक्या वर्षांत तुम्ही कधी काही विसरलात का? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “एकदा. पण दांडा हलला नाही.”

आपल्या गावात, आपल्या कारखान्यात, आपल्या दवाखान्यात असे न हलणारे दांडे किती आहेत, आणि ते बसवायला आपण कुणाच्या मरणाची वाट पाहत आहोत, एवढा एकच प्रश्न घेऊन आपण घरी जावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.